डावीकडे घुमघुम, उजवीकडे चिरचिर

मी गाणं शिकलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. भोपाळच्या मराठी मंडळींत हे लपवलं तर कुणीतरी लगेच "मग एखादं नाट्यगीत होऊन जाऊ दे" म्हणतं आणि समोर पेटी सरकवतं. माझं संगीत वेगळ्याच खात्यातलं आहे. मावसबहिणीच्या लग्नात संगीताच्या कार्यक्रमासाठी पाच गाणी एकाला एक जोडून हवी होती. मी सहज हो म्हटलं, इंटरनेटवर बघत बघत लॅपटॉपवर ती जोडली, आणि त्या जोडकामावर साठी उलटलेले दोन काका जमिनीवर लोळून नागीण नाचले. एकाला उठवायला तिघं लागले. घरात बसून माणसांना एवढं वाकवता येतं हे बघून मला जी चटक लागली ती अजून सुटलेली नाही. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि त्या वयात सुरू करण्यासारखे इतर सगळे छंद योगासनांच्या आसपासचे होते.

माझी नोकरी साधी. साकेत नगरला, मोठ्या हॉस्पिटलच्या समोरच्या रांगेत, रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या खिडकीवर मी रिपोर्ट देते. सकाळी सातला बसते, तीनला सुटते. लोक पाकीट उघडतात, आत बघतात आणि मग माझ्याकडे बघतात, जणू त्यांची साखर मीच रात्री येऊन वाढवली. त्यामुळे घरी आल्यावर मला असं काहीतरी करायचं असतं ज्याचा कुणाच्याही तब्येतीशी संबंध नाही.

लॅबपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. बाबा बरखेड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडून आम्ही इथे आलो. या घरातली गाद्या ठेवायची खोली मी ताब्यात घेतली. गाद्या तिथेच राहिल्या, कारण त्यांनी आवाज घुमत नाही, आणि आईलाही त्या ठेवायला दुसरी जागा नव्हती. टेबलावर लॅपटॉप, दोन स्पीकर, एक माइक. त्या खोलीला दक्षिणेची खिडकी आहे. थंडीत दुपारचं ऊन थेट आत येतं, म्हणून बाबा पेपर घेऊन माझ्या पाठीमागे गाद्यांच्या ढिगाला टेकून बसत. मी काय वाजवते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना ऊन हवं होतं.

त्या हिवाळ्यात मी एक नवीन प्लगइन घेतलं होतं. प्लगइन म्हणजे लॅपटॉपमधल्या गाण्याच्या कारखान्यात बसवायचं एक जास्तीचं यंत्र. हे डीजे लोकांच्या धर्तीचं होतं. पडद्यावर मधोमध एक भलामोठा गोल नॉब. डावीकडे फिरवला की गाण्यातले वरचे बारीक आवाज गळून पडतात आणि फक्त घुमघुम उरते, म्हणजे शेजारच्या गल्लीत वरात चालली आहे आणि आपण दारं-खिडक्या लावून बसलोय, तसं. उजवीकडे फिरवला की उलटं. खालचा सगळा घुमारा नाहीसा होतो आणि उरते नुसती चिरचिर: टाळ, झांज, आणि गाणाऱ्याच्या तोंडातले स, श आणि त. बाजूला चार बटणं. एक आवाजाचे तुकडे करून तेच तेच म्हणतं, एक उलटं वाजवतं, एक गाणं डोंगरात नेऊन प्रतिध्वनी काढतं, आणि एक गाण्याला ब्रेक लावतं, म्हणजे वीज गेल्यावर जसा पंखा मरगळत थांबतो तसं गाणं मरगळत थांबतं. ज्याला संगीताचं ओ की ठो कळत नाही त्याला आपण फार मोठे संगीतकार आहोत असं वाटायला लावण्यासाठी याहून चांगलं यंत्र निघालेलं नाही. मी दोन आठवडे दिसेल त्या आवाजाला ब्रेक लावत होते.

एवढ्यात आईच्या भजनी मंडळाला माझी आठवण झाली.

आईच्या मंडळात सात बायका. सगळ्यात लहान आई, वय अडुसष्ट. दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला इथल्या मराठी समाजाचं स्नेहसंमेलन असतं आणि त्याची सुरुवात यांच्या भजनाने होते. आदल्या वर्षी माइकने अशी काही शिटी मारली होती की पहिल्या रांगेतले पाहुणे कानात बोटं घालून बसले. तेव्हा बायकांनी ठरवलं की यंदा भजन आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं आणि मंचावर बसून नुसती तोंडं हलवायची. हे त्यांनी मला इतक्या सरळपणे सांगितलं की देवाला फसवतोय वगैरे काही त्यांच्या मनात आलेलं दिसलं नाही. मलाही कल्पना पटली.

सातही जणी एका दुपारी आल्या. पुढच्या खोलीत सतरंजी घातली, मधे माइक ठेवला. पेटीवाल्या काकू, ढोलकीवाल्या काकू आणि टाळ वाजवायला आमची आई. तीन वेळा भजन म्हटलं. पहिल्या वेळी कुकरची शिटी झाली, दुसऱ्या वेळी समोरच्या घरातला कुत्रा सुरात आला, तिसरं बरं झालं. मग चहा, पोहे, आणि निघताना दारात पाऊण तास.

नंतर मी ते लॅपटॉपवर उघडलं. पडद्यावर आवाज चित्रासारखा दिसतो, ढोलकीचा प्रत्येक ठोका म्हणजे एक सुळका. आणि आईचा टाळ म्हणजे त्याच्या अलीकडे दुसरा सुळका. नेहमी अलीकडे. सुरुवातीला एवढासा, पुढे पुढे जास्त, आणि तिसऱ्या कडव्यात तर आई बाकीच्या सहा जणींच्या इतकी पुढे निघून गेली होती की तिला परत बोलवायला माणूस पाठवावा लागला असता. आई वीस वर्षं टाळ वाजवते आहे. मी दोन दुपारी बसून, कुणाला काही न सांगता, लॅपटॉपवर टाळ बाकीच्या आवाजांतून वेगळा काढला आणि तिचा एकेक ठोका उचलून जागेवर आणून ठेवला.

तर अशाच एका दुपारी मी त्या भजनावर नवीन नॉब फिरवून बघत होते. पाठीमागे बाबा पेपर वाचत होते. नॉब डावीकडे नेला, भजन खोल विहिरीत गेलं. बाबा न विचारता म्हणाले की हे चांगलं वाजतंय, आता खरा आवाज येतोय. मला गंमत वाटली. मग मी नॉब उजवीकडे, पार टोकाला नेला. स्पीकरमधून टाळ खणखणत होता, बायकांचे स आणि श चिवचिवत होते.

बाबांनी पेपर खाली केला. "बंद का केलंस?"

मी म्हटलं, बंद नाही केलं. ते म्हणाले, बरं, आणि पुन्हा पेपर वर घेतला. टाळ चालूच होता. मी वळून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी काही विचारते आहे, म्हणून ते म्हणाले, "हो, लाव ना. माझी काही हरकत नाही."

बाबांना कमी ऐकू येतं असा आमच्या घरात संशय नव्हता असं नाही. पण बाबा म्हणायचे की तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता, आणि आई म्हणायची की ह्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं. दोन्ही म्हणणी इतकी वर्षं चालली होती की तिसऱ्या शक्यतेला घरात शिरायला जागाच उरली नव्हती.

मी नॉब हळूहळू मधे आणला आणि त्यांना सांगितलं की आवाज आला की बोट वर करा. एका जागी बोट वर आलं. परत उजवीकडे नेला, बोट खाली. असं पाच-सहा वेळा केलं, दर वेळी जवळजवळ त्याच जागी. तोवर बाबांनाही त्यात रस वाटायला लागला होता. त्यांनी कारखान्यात सगळी नोकरी मोटरींच्या चाचणीवर काढली. मोटर फिरवायची, आवाज ऐकायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि निदान केलं, "तुझा स्पीकर गेलाय."

मी म्हटलं, बाबा, मला ऐकू येतंय. ते म्हणाले, तुला ऐकू येतंय असं तुला वाटतंय. माझ्या लॅबच्या खिडकीवरही रोज दोन-तीन माणसं असंच बोलतात, रिपोर्ट चुकलाय म्हणतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही हे मला माहीत होतं. त्यांनी पेचकस आणला, स्पीकरचं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, परत लावलं. टाळ तसाच वाजत होता आणि त्यांना तसाच ऐकू येत नव्हता. शेवटी त्यांनी स्पीकर पिशवीत घातला आणि मला स्कूटर काढायला सांगितली.

अशोका गार्डनमध्ये रेल्वेच्या रुळांजवळ एक म्हातारा मिस्त्री आहे. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, जुने टेपरेकॉर्डर, सगळं दुरुस्त करतो. बाबा त्याला क्वार्टरच्या दिवसांपासून ओळखतात. त्याने स्पीकर आपल्या मशीनला जोडला आणि खालपासून वरपर्यंत एक लांब शिटी वाजवली, घुं पासून सुरू होऊन चीं पर्यंत जाणारी. अर्ध्यावर बाबा म्हणाले, "देखा? यहाँ बंद हो गया।"

मिस्त्रीने एकदा शिटीकडे लक्ष दिलं, एकदा बाबांकडे, आणि एकदा माझ्याकडे. मी नजर टाळली. त्याने शिटी परत लावली. बाबा परत त्याच जागी म्हणाले की बंद झालं. शिटी तेव्हा इतक्या जोरात चालू होती की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

मिस्त्रीने बटण बंद केलं, स्पीकर पुसला आणि पिशवीत परत ठेवला. मग सावकाश, अगदी बाबांच्या समोर तोंड आणून म्हणाला, "इंजीनियर साहब, माल चकाचक है। आप कान दिखवा लो। हमारा भी यही हाल है, नीचे का सब सुनता है, ऊपर का साफ़।" आणि आपल्या कानामागचं छोटंसं यंत्र काढून बाबांच्या हातात ठेवलं.

बाबा इंजिनिअर नव्हते, टेक्निशियन होते, आणि एरवी कुणी साहेब म्हटलं की ते तिथेच दुरुस्ती करतात. त्या दिवशी केली नाही. त्यांनी ते यंत्र उलटसुलट करून बघितलं, झाकण कसं उघडतं ते विचारलं आणि परत दिलं. स्कूटरवर घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. बोलले असते तरी मागे बसलेल्या माणसाला हेल्मेटमधून ऐकू गेलं नसतं, आणि त्या माणसाला तर नाहीच.

आईला मी स्वयंपाकघरात सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, मी म्हणतच होते. ती वाटाणे सोलत होती, सोलायची थांबली.

"म्हणजे हे मुद्दाम करत नव्हते?"

मी म्हटलं, नसावेत. मग ती बराच वेळ आठवून आठवून बोलत राहिली. तिच्या भावाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने रडत येऊन सांगितलं, तर हे "बरं झालं" म्हणून आंघोळीला गेले. एकदा तिने विचारलं होतं की मी म्हातारी दिसायला लागले का, तर ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "हो, सकाळीच संपली." काय संपलं ते तिने कधी विचारलं नाही. त्याच्यावर ती दोन महिने धुमसत होती आणि मग आयुष्यभर. अशी तिच्याजवळ पंधरा वर्षांची यादी होती, सगळी तारीखवार, आणि एका दुपारीत ती सगळी बिनकामाची झाली. मला वाटलं तिला हलकं वाटेल. ती उलट चिडलेली दिसत होती. इतका जपून ठेवलेला राग असा कुणी काढून घेतला तर माणसाने काय करायचं?

आणखी एक गोष्ट तिला त्याच दिवशी उमगली. आई इंदूरची. तिचं मराठी "मी केव्हाची बोलून राहिले" असं चालतं. बाबा साताऱ्याचे, नोकरीसाठी इकडे आलेले. लग्नानंतर तीस वर्षं त्यांनी तिची वाक्यं दुरुस्त केली, "बोलून राहिले नाही, बोलते आहे." मग हळूहळू थांबले. आईला वाटलं होतं, शेवटी आपण जिंकलो. मैत्रिणींना तिने तसं सांगितलंही होतं.

पुढच्या आठवड्यात मी बाबांना हॉस्पिटलात कान तपासायला घेऊन गेले. एका बंद काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं आणि ते पुन्हा बोट वर-खाली करत राहिले. तपासणाऱ्या बाईंनी आलेख हातात दिला. डावीकडून रेघ बऱ्यापैकी सरळ यायची आणि मधे आल्यावर उतारावरून घसरल्यासारखी खाली जायची. मला वाटलं बाबा खचतील. पण हातात आलेख आल्यावर त्यांचा चेहराच बदलला. इतके दिवस लोक त्यांना तुम्हाला ऐकू येत नाही असं सांगत होते, ते त्यांना मान्य नव्हतं. आलेख मान्य होता. बाईंनी विचारलं की गोंगाटात काम केलंय का, तेव्हा ते जवळजवळ अभिमानाने म्हणाले की आमच्या शेडमध्ये हाताच्या खुणांनीच बोलायचे. घरी येईपर्यंत ते मला समजावत होते की मोटरचा असा आलेख आला असता तर त्यांनी ती पास केली नसती.

तो आलेख मी टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवला, आणि बघता बघता लक्षात आलं की ही रेघ मी रोज बघते. नॉब डावीकडे फिरवला की प्लगइनच्या पडद्यावर हुबेहूब अशीच रेघ उमटते, आधी सपाट, मग घसरण. मी नॉब सरकवत सरकवत आलेखाशी जुळवला. डीजेच्या खेळण्यात माझ्या बापाचे कान तयार झाले.

मग आईला बोलावलं. तिला सांगितलं की माइकसमोर काहीही बोल, नेहमी बाबांशी बोलतेस तसं. तिने काय बोलायचं म्हणून विचार केला आणि म्हणाली, "अहो, ऐकलं का, गॅसवाला येऊन गेला, मी पाठ टेकते जरा, दाराकडे लक्ष ठेवा." मी ते त्या नॉबमधून काढलं आणि तिला हेडफोन लावले.

तिने एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं. तिचाच आवाज होता, चढ-उतार तेच, पण शब्दांच्या कडा सगळ्या झिजलेल्या. गॅसवाला की आजवाला की राजबाळा, काहीही असू शकलं असतं. भिंतीपलीकडे कुणीतरी मायेने बडबडतंय एवढं कळत होतं.

तिसऱ्यांदा ऐकून तिने हेडफोन काढले. "इतकं बोदं जातं यांच्याकडे?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आणि तरी हे दर वेळी 'हं' म्हणतात." मग डोळ्याला पदर न लावता ती तशीच बसली. मला काय करावं कळेना, म्हणून मी नॉब मधे आणून ठेवला. थोड्या वेळाने ती बाहेर गेली. व्हरांड्यात बाबा चप्पल शिवत होते. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, तोंड त्यांच्याकडे करून, आणि गॅसवाला येऊन गेल्याचं सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. बाबा म्हणाले, "अगं मग ओरडतेस कशाला?"

आता या प्रकरणाचा शेवट गोड व्हायला हरकत नव्हती. पण बाबांना कानाची यंत्रं मिळाली.

पहिले दोन दिवस ते घरभर ऐकत फिरले. फ्रिजचं दार करकरतं हे त्यांनी जाहीर केलं. माझ्या चपला फटफट वाजतात हे सांगितलं. फोडणीतली मोहरी तडतडताना ऐकून ते आईला म्हणाले की हल्ली तू मोहरी नीट तापू देत नाहीस असं मला वाटायचं. हे सगळं आम्ही कौतुकाने ऐकलं. तिसऱ्या दिवशी भजनी मंडळ तालमीला आलं. तोंड हलवायचं असलं तरी त्याचीही तालीम हवी, नाहीतर कुणीतरी एखादं कडवं आधीच तोंड मिटून बसायचं. मी रेकॉर्डिंग लावलं, बायकांनी बसून तोंडं हलवली, बाबा खुर्चीत बसून मन लावून ऐकत होते. नंतर बायकांना हुरूप आला आणि त्यांनी तेच भजन रेकॉर्डिंगशिवाय म्हटलं, पेटी-ढोलकीसकट.

भजन संपलं. बाबा आईला म्हणाले, "रेकॉर्डमध्ये इतका छान वाजवलास टाळ. इथे का पळत सुटलीस?"

ढोलकीवाल्या काकूंनी ढोलकीकडे बघितलं. वीस वर्षं त्यांच्याइतकं हे कुणाला माहीत नव्हतं. आई म्हणाली की ती अजिबात पळत नाही, नेहमी अशीच वाजवते, आणि रेकॉर्डवरही असाच वाजवला आहे. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या आणि मला सांगावं लागलं.

आई बाबांशी चार दिवस बोलली नाही. आता त्यांना ऐकू येत असल्यामुळे न बोलण्याला पूर्वीपेक्षा जास्त वजन होतं. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गाद्यांच्या खोलीत येऊन म्हणाली की तिचा टाळ होता तसा परत ठेवायचा. वीस वर्षं तिने हाताने वाजवलेला टाळ मशीनने सरळ करायचा नाही. तोंड खोटं हलवायला तिची हरकत नव्हती. टाळ मात्र खरा हवा होता.

मी परत ठेवला. बेताल माणसाला तालात आणण्यापेक्षा तालातल्या माणसाला पुन्हा बिघडवणं जास्त जिवावर येतं, हे मला तेव्हा कळलं. पण तिसऱ्या कडव्याचं काय करायचं? तिथे आई आणि ढोलकी यांची पार फारकत होती. शेवटी मी तिला शेजारी बसवलं आणि डीजे लोकांचं गुपित सांगितलं. ते नॉब फिरवतात ते काही कलेसाठी नाही. दोन गाण्यांचा ताल जुळला नाही की तेवढा चिखल झाकायला फिरवतात आणि लोकांना वाटतं, वा. मी तिसऱ्या कडव्याच्या आधी नॉब डावीकडे नेला. भजन विहिरीत उतरलं, टाळ दिसेनासा झाला, तळाशी नुसती ढोलकी घुमत राहिली, आणि शेवटच्या ओळीला सगळं एकदम वर आलं, टाळासकट.

आई म्हणाली, "हे चालेल." मग तिने विचारलं की विहिरीत अजून थोडा वेळ राहता येईल का. मी अजून थोडं खोल नेलं.

बायकांना ऐकवलं तेव्हा मला धाकधूक होती. भजनी मंडळाला फिल्टर मारणं ही गोष्ट सांगून करण्यासारखी नव्हती. पण पेटीवाल्या काकू, वय सत्त्याहत्तर, डोळे मिटून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या की त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी काढताना असंच वाटलं होतं. बाकीच्यांनी लगेच ठरवायला घेतलं की मंचावर त्या जागी काय करायचं.

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. मी मागे साउंडवाल्याजवळ लॅपटॉप घेऊन उभी. सातही जणी एकसारख्या हिरव्या साड्या नेसून खुर्च्यांवर बसल्या होत्या, कारण गुडघे. भजन सुरू झालं, तोंडं बरोबर हलत होती. तिसरं कडवं आलं आणि आवाज खाली उतरायला लागला तशा सातही जणी कमरेतून हळूहळू पुढे वाकल्या, माना खाली, टाळ मांडीवर. सभागृहात एक चुळबुळ झाली, लोक स्पीकरकडे बघायला लागले, कुणीतरी "लाइट, लाइट" म्हणालं. साउंडवाल्याने घाबरून माझा हात धरला आणि म्हणाला, "दीदी, मेरा सिस्टम बैठ गया।" मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब. मग आवाज वर चढायला लागला आणि सातही जणी त्याच्याबरोबर एकेक इंच सरळ होत गेल्या, आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांनी एकदम हात वर केले. पेटीवाल्या काकूंनीसुद्धा. पेटी मात्र वाजतच राहिली, पण तेवढं कुणी पाहिलं नाही.

टाळ्या पडल्या. समाजाच्या ज्येष्ठांपैकी एकांनी नंतर मला बोलावून सांगितलं की भजनात पाश्चात्त्य प्रकार आणू नयेत, त्याने पुढची पिढी बिघडते. मी त्यांना मंचावरच्या पिढीचं सरासरी वय सांगितलं. ते वाढप्यांकडे वळले.

बाबा पहिल्या रांगेत होते. जेवणाच्या रांगेत ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले की मधे त्यांना वाटलं यंत्राची बॅटरी गेली, म्हणून त्यांनी दोन्ही यंत्रं काढून खिशात टाकली. तेवढ्यात सगळे लोक टाळ्या वाजवायला लागले. म्हणजे शेवट त्यांनी ऐकलाच नाही. मी विचारलं, मग आईला काय सांगणार? ती समोरून ताट घेऊन आमच्याकडेच येत होती, गालांवर अजून मंचावरची लाली.

बाबांनी खिशातून एक यंत्र काढून घाईघाईने कानात बसवलं, दुसरं तसंच राहू दिलं. आई जवळ आली. तिने काही विचारायच्या आत ते म्हणाले, "टाळ जरा पळाला. पण छान पळाला."

आईने त्यांच्या ताटात आणखी एक जिलबी ठेवली आणि मला खूण करून विचारलं की हे खरं ऐकून बोलून राहिलेत का. मी खांदे उडवले आणि पुरी घ्यायला पुढे सरकले.